बर्लिन, कमी पैशांत: पैसे कुठे गळतात आणि कसे वाचतात

युरोपातल्या राजधान्यांत बर्लिन स्वस्त, असं सर्रास म्हटलं जातं. ते आता अर्धवटच खरं आहे. खोलीभाडं, कॉफी, बसचं तिकीट हे सगळं आपल्या खिशाला जडच पडतं. तरीही पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्याला मी जर्मनीतलं पहिलं शहर म्हणून बर्लिनच सुचवेन, कारण इथे जे खरोखर पाहण्यासारखं आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना तिकीटच नाही. संसदेचा घुमट, पूर्व आणि पश्चिम बर्लिन तोडणाऱ्या भिंतीचे अवशेष, नाझी राजवटीचा कागदोपत्री इतिहास, बंद पडलेल्या विमानतळाची धावपट्टी, पोहायची तळी, सगळं मोफत. पैसे जातात ते भलतीकडेच: शिक्का न मारलेल्या तिकिटाच्या दंडात, रविवारच्या बंद दुकानांपायी, एटीएमच्या पडद्यावर घाईत दाबलेल्या बटणात आणि बाटलीबंद पाण्यात.

आधी ढोबळ हिशेब. हॉस्टेलमधल्या सामायिक खोलीतला बेड २० ते ३५ युरो, खाणं १२ ते १५, प्रवास ८ ते ११, किरकोळ ५. म्हणजे दिवसाला ४५ ते ६५ युरो धरून चाला. युरो शंभर रुपयांच्या वर गेलेला आहे, तेव्हा रुपयांत गुणाकार करत बसलात तर पहिल्या दोन दिवसांत घशाखाली घास उतरणार नाही. एकदा बजेट ठरवा आणि मग युरोतच विचार करा.

व्हिसा आणि तारखा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सेवा केंद्राचे पैसे वेगळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण मे-जूनच्या तोंडावर मुंबई-पुण्यात अपॉइंटमेंट मिळतानाच नाकी नऊ येतात, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. हॉस्टेलचं बुकिंग मोफत रद्द करता येणारं घ्या आणि तेच अर्जाला जोडा. व्हिसा हातात आल्यावर स्वस्त, परतावा नसलेलं बुकिंग शोधता येतं. अनेक देश फिरणार असाल तर जिथे सर्वाधिक रात्री काढणार, त्या देशाकडे अर्ज करायचा, हे विसरू नका.

महिना निवडताना दिवसाच्या लांबीकडे बघा. फुकटचं बर्लिन बहुतांशी उघड्यावर आहे. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात दुपारी चारला अंधारून येतं. मे ते सप्टेंबर उत्तम. मात्र सप्टेंबरातली इलेक्ट्रॉनिक्सची जत्रा आणि महिनाअखेरची मॅरेथॉन, तसंच मार्चमधलं पर्यटन प्रदर्शन, या दिवसांत बेडचे दर डोळे पांढरे करतात. तारखा पक्क्या करण्याआधी तेवढं तपासा.

मुंबईहून थेट विमानाच्या शोधात वेळ घालवू नका. दोहा किंवा इस्तंबूलमार्गे बर्लिनला उतरता येतं. फ्रँकफर्टचं तिकीट बरंच स्वस्त मिळत असेल तर तेही चालेल, पण पुढच्या रेल्वेचे पैसे त्यात धरा. फ्रँकफर्ट ते बर्लिन वेगवान गाडीला चार तासांच्या आसपास लागतात. महिना-दोन महिने आधी काढलेलं सवलतीचं तिकीट आणि त्याच दिवशी खिडकीवर काढलेलं तिकीट यांत कित्येक पटींचा फरक असतो. फ्लिक्सबस आणि फ्लिक्सट्रेन या खासगी गाड्या याहून स्वस्त.

बेड कुठे घ्यायचा

ब्रांडेनबुर्ग गेटपासून चालत अंतरावर राहायचा हट्ट सोडा. बर्लिनला एकच एक केंद्र नाही, भिंतीनं ते दोन तुकड्यांत वाढलं. महत्त्वाचं एवढंच की हॉस्टेल रिंगबानच्या आत किंवा तिच्यालगत असावं आणि स्टेशन पाच-सात मिनिटांवर. रिंगबान म्हणजे शहराला वेढा घालणारी लोकल, एका तासात पूर्ण फेरी मारते. फ्रीडरिश्सहाइनमध्ये वार्शाउअर स्ट्रासेच्या आसपास हॉस्टेल भरपूर, रात्री गोंगाटही भरपूर. नॉयकोल्न आणि वेडिंग इथे खाणं स्वस्त आणि वस्ती स्थलांतरितांची, म्हणून मला ते भाग जास्त आवडतात. कुणी बिचकवलं तर फार मनावर घेऊ नका, मोठ्या शहरातली नेहमीची सावधगिरी पुरते.

बुकिंग करताना तीन गोष्टी वाचा. पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर आहे का (सगळीकडे नसतं), चादरीचे पैसे वेगळे आहेत का, आणि शहराचा निवास कर दरात धरला आहे का. हा कर २०२५ पासून साडेसात टक्के आहे आणि काही ठिकाणी तो काउंटरवर पोहोचल्यावर मागतात. लॉकरसाठी कुलूप घरून न्या, तिथे विकत घ्यावं लागलं तर एका जेवणाचे पैसे जातात.

तिकीट: इथे सगळ्यांत जास्त लोक फसतात

शहराचे तीन पट्टे आहेत: ए, बी आणि सी. रिंगबानच्या आत ए, तिथून शहराच्या हद्दीपर्यंत बी, त्यापलीकडे सी. रोजच्या फिरण्याला एबी पुरतं. विमानतळ सी पट्ट्यात आहे, त्यामुळे पहिलंच तिकीट एबीसी काढावं लागतं, साधारण पाच युरोंचं. विमानतळाच्या इमारतीखालीच स्टेशन आहे. तिथून सुटणारी एअरपोर्ट एक्स्प्रेस, प्रादेशिक गाड्या आणि लोकल सगळ्या याच तिकिटावर चालतात. नावात एक्स्प्रेस आहे म्हणून जादा पैसे नाहीत. मुख्य स्टेशनला एक्स्प्रेसनं अर्ध्या तासाच्या आत-बाहेर पोहोचता येतं. टॅक्सीकडे बघूही नका.

मशीनवर भाषा इंग्रजी करता येते. तिकीट बाहेर आलं की काम संपलं असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. बर्लिनच्या स्टेशनांवर फाटक नाही, स्कॅनर नाही, कुणी अडवत नाही. फलाटावर मशीनच्या जवळपास कमरेच्या उंचीची एक छोटी पेटी उभी असते, लाल किंवा पिवळी, पुढे फट असलेली. त्या फटीत तिकीट सरकवायचं, ‘खट्’ असा आवाज येतो आणि तारीख-वेळ छापली जाते. हा शिक्का नसेल तर खिशातलं तिकीट कोरा कागद. तपासनीस साध्या कपड्यांत फिरतात, दारं बंद झाली की ओळखपत्र काढतात. दंड ६० युरो, आणि ‘आम्ही नवीन आहोत’ ही सबब त्यांनी दिवसात पन्नासदा ऐकलेली असते. मोबाइल अ‍ॅपवर काढलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण ते गाडीत चढण्याआधी काढलेलं हवं. बसमध्ये ड्रायव्हर रोख पैसे घेत नाही, हेही ध्यानात ठेवा.

एबीचं एकेरी तिकीट चार युरोंच्या आसपास. ते दोन तास चालतं, मध्ये उतरून गाडी बदलता येते, पण दिशा एकच. गेलात तसे त्याच तिकिटावर परत येता येत नाही. लोकल-मेट्रोचे तीन थांबे किंवा बस-ट्रामचे सहा थांबे एवढंच जायचं असेल तर त्याहून स्वस्त, कमी अंतराचं तिकीट मिळतं. दिवसात तीन प्रवास होणार असतील तर २४ तासांचं तिकीट घ्या, साधारण अकरा युरो. शिक्का मारल्यापासून चोवीस तास मोजले जातात, म्हणजे दुपारी दोनला सुरू केलंत तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत.

दहा-बारा दिवस राहणार असाल, किंवा बर्लिनबरोबर लाइपझिग-ड्रेस्डेनही करणार असाल, तर ‘डॉइचलांडटिकेट’चा विचार करा. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ पासून ६३ युरो आहे. देशभरातल्या शहर बस, मेट्रो, लोकल आणि प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात, वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. दोन मेखा आहेत. ते कॅलेंडर महिन्यासाठी असतं, त्यामुळे २५ तारखेला पोहोचणाऱ्याला परवडत नाही. आणि ते वर्गणीच्या स्वरूपात असतं, त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात. घेतल्या दिवशीच रद्दची विनंती टाकून द्या, चालू महिनाभर तिकीट वैधच राहतं.

महागड्या पर्यटक बसऐवजी १०० क्रमांकाची साधी सिटी बस पकडा. प्राणिसंग्रहालय स्टेशनपासून विजयस्तंभ, राष्ट्राध्यक्षांचा बेलव्यू राजवाडा, राइशस्टाग म्हणजे संसदेची इमारत, उंटर डेन लिंडेन हा रस्ता असं करत ती अलेक्झांडरप्लाट्झला जाते. डबलडेकर असते, वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर अर्ध्या-पाऊण तासात शहराची ओळख होते. बोटीची हौस असेल तर वान्झे ते क्लाडो ही फेरी घ्या. वीस मिनिटांचा तळ्यावरचा प्रवास आणि तिकीट तेच, एबी.

खाणं आणि पाणी

घरून काय न्यावं, यापासून सुरुवात करू. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खव्याच्या करंज्या बाद. बहुतेक ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तिथल्या मावशीसाठी हापूसची पेटी न्यायचा बेतही रद्द करा. चिवडा, चकली, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, उपम्याचं तयार मिश्रण यांना हरकत नाही, आणि हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात याच गोष्टी तारतात.

नळाचं पाणी निर्धास्त प्या. बाटली घरून न्या आणि भरत राहा. हॉटेलात बसून पाणी मागितलंत तर बाटलीबंद येतं, बहुधा बुडबुड्यांचं, आणि त्याचे पैसे पडतात.

सकाळचं खाणं सुपरमार्केटमधून घ्या. आल्डी, लिडल, पेनी, नेटो ही त्यातली स्वस्त दुकानं. बेकरीच्या कोपऱ्यात ताजे छोटे पाव अर्ध्या युरोच्या आत मिळतात. दही, केळी, चीज घेतलं की तीन युरोंत दोघांचा नाश्ता होतो. काउंटरवर मात्र तयार राहा. पट्ट्यावर सामान मांडून आपल्या आणि पुढच्या माणसाच्या सामानात तिथला दांडका ठेवायचा. कॅशियर अशा वेगानं वस्तू सरकवते की पिशवीत भरायला उसंत मिळत नाही. भरून कुणी देत नाही, आणि मागचा माणूस उसासे टाकू लागतो. सगळं भराभर पिशवीत किंवा ट्रॉलीत लोटायचं आणि बाजूला जाऊन लावायचं. पिशवी आपली न्या.

पावतीवर ‘फांड’ असा एक आकडा दिसेल. ती बाटली-डब्याची अनामत आहे. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८. दुकानाच्या दाराशी भिंतीत गोल भोकाचं यंत्र असतं. बाटली न चेपता आत घालायची, सगळ्या संपल्या की बटण दाबायचं आणि चिठ्ठी काउंटरवर द्यायची, तेवढे पैसे बिलातून वजा होतात. चार जणांच्या आठवडाभराच्या बाटल्यांतून एक जेवण निघतं. बाटली परत न्यायचा कंटाळा असेल तर ती कचरापेटीत टाकू नका, पेटीच्या शेजारी उभी ठेवा. बाटल्या गोळा करून गुजराण करणारे बरेच लोक या शहरात आहेत, आणि बर्लिनकर हे पाळतात.

दुपारी-रात्री रस्त्यावरचं खाणं. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार आले आणि त्यांच्यामागून डोनर कबाब बर्लिनचा झाला. आता तो सातेक युरोंना मिळतो आणि एका माणसाला पोटभर होतो. शाकाहारी मंडळींनी एक गाठ मारून ठेवावी: ‘गेम्यूझे कबाब’ म्हणजे भाजीचा कबाब नव्हे. त्यात बहुधा चिकन असतं, वर तळलेल्या भाज्या. फलाफल किंवा हालूमी चीज मागा. आणि सुदानी लोकांच्या टपऱ्या शोधा, तिथे फलाफलवर शेंगदाण्याचा दाट सॉस घालतात. मराठी जिभेला बर्लिनमध्ये याहून जवळचं काही मिळायचं नाही. १९४९ मध्ये हेर्टा हॉयव्हर या बाईंनी इथेच सुरू केलेला करीवुर्स्ट, म्हणजे सॉसेजवर टोमॅटो सॉस आणि करी पावडर, एकदा चाखायला हरकत नाही, पण ‘करी’ या शब्दावर भरवसा ठेवून नको. इंडियन रेस्टॉरंटांच्या वाटेला जाऊच नका. त्या पैशांत तुर्की वाण्याकडून मसूर डाळ, तांदूळ, कांदे-टोमॅटो आणून हॉस्टेलवर दोन दिवसांची खिचडी होते. मंगळवारी आणि शुक्रवारी नॉयकोल्नच्या कालव्याकाठी माइबाखउफरला तुर्की बाजार भरतो. संध्याकाळी उठायच्या वेळी गेलात तर फळं पाटीच्या भावानं निघतात.

रविवारी दुकानं बंद म्हणजे खरोखरच बंद, सुपरमार्केटसुद्धा. सार्वजनिक सुट्ट्यांनाही तेच: १ मे, ३ ऑक्टोबर, आणि जर्मनीत बर्लिनसह मोजक्याच राज्यांत असलेली ८ मार्चची महिला दिनाची सुट्टी. शनिवारी संध्याकाळीच खरेदी उरका. अडलंच तर मुख्य स्टेशन किंवा ओस्टबानहोफ स्टेशनातली सुपरमार्केट उघडी असतात, रांगा लांब असतात इतकंच. कोपऱ्याकोपऱ्यावरचं, उशिरापर्यंत उघडं असणारं ‘श्पेटी’ दुकानही उपयोगी पडतं, पण किंमत जास्त.

पाहणं, बिनतिकिटाचं

राइशस्टागचा काचेचा घुमट सर्वांत आधी, कारण त्याला नावनोंदणी लागते. नॉर्मन फॉस्टर यांनी घडवलेला हा घुमट १९९९ पासूनचा. संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख देऊन वेळ घ्यायची, प्रवेश मोफत. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे आधी घ्या आणि सूर्यास्ताच्या जरा आधीची वेळ मागा. मूळ पासपोर्ट जवळ हवा. वर ऑडिओ गाइडही मोफत मिळतो. चढणीनं फिरत वर जाताना तो आपोआप समोर दिसणाऱ्या इमारतीबद्दल बोलू लागतो. हे पाहिल्यावर टीव्ही टॉवरच्या महागड्या तिकिटाची गरज उरत नाही. उंचावरून शहर पाहायची भूक शिल्लक असेल तर क्रॉइत्सबर्गच्या व्हिक्टोरिया पार्कची टेकडी चढा.

भिंतीसाठी लोक चेकपॉइंट चार्ली या जुन्या सीमाचौकीला धावतात. तिथली चौकी प्रतिकृती आहे, आजूबाजूला स्मरणवस्तूंची दुकानं. मी ते वगळेन आणि तो वेळ बेर्नाउअर स्ट्रासेला देईन. तिथे सुमारे दीड किलोमीटरचा पट्टा स्मारक म्हणून राखला आहे. समोरच्या केंद्राच्या मनोऱ्यावर चढलं की खाली भिंत, मधली मोकळी मृत्युपट्टी, दिव्यांचे खांब आणि मागची भिंत अशी पूर्ण रचना दिसते. भिंत म्हणजे एक भिंत नव्हती, हे तिथे नीट कळतं. केंद्र सोमवारी बंद, बाहेरचा भाग रोज खुला. रंगवलेली भिंत पाहायची तर ईस्ट साइड गॅलरी, १.३ किलोमीटर. सकाळी आठच्या आत गेलात तर फोटोत गर्दी येणार नाही. फ्रीडरिशस्ट्रासे स्टेशनाजवळ ‘ट्रेनेनपालास्ट’ ही पूर्व जर्मनीची जुनी सीमातपासणी इमारत आहे. पश्चिमेकडून भेटीला आलेल्यांचा निरोप नातेवाईक इथेच घेत. पाऊण तास पुरतो, आणि फारसं कुणी जात नाही.

गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांच्या मुख्यालयाच्या जागेवरचं ‘टोपोग्राफी ऑफ टेरर’ हे प्रदर्शन आणि ब्रांडेनबुर्ग गेटजवळचं २,७११ काँक्रीट ठोकळ्यांचं होलोकॉस्टचं, म्हणजे ज्यूंच्या संहाराचं स्मारक, दोन्हींना तिकीट नाही. दोन्ही एकाच दिवशी करू नका, मन बधिर होतं. ठोकळ्यांवर चढून फोटो काढणारे पर्यटक दिसतील, तुम्ही काढू नका.

मग हवा खायला टेंपलहोफला जा. १९४८-४९ च्या सोव्हिएत नाकेबंदीत पश्चिम बर्लिनला तगवणारी विमानं इथे उतरत. विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून तो लोकांचं मैदान आहे. धावपट्टीवर पतंग, सायकली, स्केटिंग, गवतात डबे उघडून बसलेली कुटुंबं. रविवारी माउअरपार्कला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. उन्हाळ्यात पोहायला श्लाख्टेन्झे, लोकलच्या स्टेशनाला लागूनच आहे. संगीताची आवड असेल तर हंगामात बुधवारी दुपारी एक वाजता फिलहार्मोनीच्या दालनात होणारी मोफत मैफल गाठा, थोडं आधी पोहोचा.

संग्रहालयांबद्दल दोन इशारे. महिन्याच्या पहिल्या रविवारी संग्रहालयं मोफत, असं जुन्या लेखांत वाचाल. ती योजना २०२४ च्या अखेरीस बंद झाली. आणि पर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी पूर्ण बंद आहे. त्याचा काही भाग २०२७ मध्ये, तर सगळं २०३७ पर्यंत उघडायचा बेत आहे. तिथला बॅबिलोनचा इश्तार दरवाजा मनात धरून गेलात तर हात हलवत परताल. इजिप्तच्या नेफरटिटी राणीचं शिल्प नॉयेस म्युझियममध्ये आहे, ते पाहता येतं. तीन-चार संग्रहालयं करायचीच असतील तर लागोपाठ तीन दिवसांचा ३२ युरोंचा म्युझियम पास परवडतो. एखादंच करायचं तर नाही.

मराठी माणसानं वेळ काढून दाहलेमलाही जावं. मेट्रोच्या यू३ मार्गावर फ्री विद्यापीठाच्या स्टेशनाला उतरून इनेस्ट्रासे २२ ही इमारत गाठता येते. इथे मानववंशशास्त्राची कायझर विल्हेल्म संस्था होती आणि १९२० च्या दशकाच्या शेवटी इरावती कर्वे इथेच डॉक्टरेट करत होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, पुढे नाझी वंशवादाला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांतले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, हा निष्कर्ष इरावतीबाईंनी त्यांच्याच हाताखाली मांडला. आता तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. बाहेर संस्थेचा इतिहास सांगणारा फलक आहे. पाहायला फारसं काही नाही, पण एबी तिकिटात जाऊन येता येतं.

एबीसीचा एक दिवस

पोट्सडाम आणि झाक्सेनहाउझेन, दोन्ही सी पट्ट्यात. त्या दिवशी २४ तासांचं एबीसी तिकीट काढा. पोट्सडामला एस७ लोकल जाते. फ्रीडरिश राजाच्या सांसूसी राजवाड्याला तिकीट आहे, पण भोवतालच्या विस्तीर्ण बागेत फिरायला पैसे लागत नाहीत, आणि खरी मजा बागेतच आहे. झाक्सेनहाउझेन या १९३६ च्या छळछावणीसाठी एस१ लोकलनं ओरानियनबुर्गला उतरायचं, तिथून वीस मिनिटं चालत. प्रवेश मोफत. अर्धा दिवस ठेवा आणि पाण्याची बाटली भरून न्या.

रोख, कार्ड, नाणी

टपऱ्या, बाजार, छोटी उपाहारगृहं इथे अजूनही रोख मागतात, ४०-५० युरो खिशात असू द्या. पैसे बँकेच्या शाखेतल्या एटीएममधून काढा. पर्यटकांच्या रस्त्यावर सुट्या उभ्या असलेल्या खासगी यंत्रांचा आकार चढा असतो. पडद्यावर ‘रुपयांत आकारू का?’ असा प्रश्न आला तर नाही म्हणा, युरोच निवडा. दुकानातल्या कार्ड मशीनवरही तेच. साध्या भारतीय क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा लागतात, म्हणून फॉरेक्स कार्ड किंवा हे शुल्क नसलेलं कार्ड न्या. पन्नास सेंटची दोन-चार नाणी वेगळी ठेवा, स्टेशनातल्या स्वच्छतागृहांना लागतात. मोफत संग्रहालयात गेलात की तिथलं स्वच्छतागृह वापरून घ्या, हा जुना जाणता उपाय.

ब्रांडेनबुर्ग गेटजवळ सहीसाठी कागद पुढे करणाऱ्या घोळक्यांपासून चार हात लांब राहा, सही करताना खिसा हलका होतो. सायकलींच्या पट्ट्यावर उभं राहू नका, बर्लिनचे सायकलवाले ब्रेकपेक्षा शिव्या आधी वापरतात.

परतीच्या दिवशी एबीचं २४ तासांचं तिकीट चालू असेल तर पूर्ण एबीसी काढायची गरज नाही, मशीनवर सी पट्ट्याचं जोडतिकीट मिळतं. तेही पेटीत सरकवा. तपासनीस विमानतळाच्या गाड्यांत हमखास असतात.